सैल खुंटी, उतरता सूर

आमच्या शेजारी बारावीत शिकणारी एक मुलगी राहते. साठवलेल्या पैशांतून तिनं एक जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. गिटार बरी होती, पण तारा पिळायच्या चाव्या गंजलेल्या आणि आतले दाते झिजलेले. म्हणून तिनं नव्या चाव्यांचा संच आणला आणि स्वतःच बसवला. चाव्या दिसायला झकास, पण पहिल्या दिवसापासून डुगडुगायला लागल्या. सूर लावावा, एखादं गाणं वाजवावं, की पहिली तार उतरलेली. पुन्हा लावावा, पुन्हा तेच. स्नेहसंमेलनाला तीन आठवडे उरले होते. दुकानदार म्हणाला, "मानेचं लाकूडच गेलंय, नवी गिटार घे." नवी घेणं घरच्यांना परवडणार नव्हतं. शेवटी ती गिटार घेऊन आमच्याकडे आली. "काका, तुम्ही शास्त्रज्ञ ना? मग ही नीट करून द्या."

आम्ही गिटार कधी वाजवलेली नाही. पण स्क्रू भोकात नुसतेच फिरताहेत हे दिसत होतं. सैल स्क्रूवर आपण सगळेच जो उपाय करतो तोच आम्ही केला. एक माप मोठा स्क्रू घेतला आणि जोर लावून आवळला. "कट्" असा बारीक आवाज आला आणि लाकडाला केसाएवढी भेग गेली. मुलगी काही बोलली नाही; पण तिचा चेहरा पाहून आम्ही स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. आणि जे आधी करायला हवं होतं ते करायला बसलो : ही वस्तू काम कशी करते, ते समजून घेणं.

चावी करते काय?

बाजारात या चाव्यांना 'कीज' किंवा 'मशीन हेड' म्हणतात. एका चावीचे चार मुख्य भाग असतात. पहिला भाग म्हणजे तार गुंडाळायचा उभा धातूचा दांडा. याला आपण खुंटी म्हणू. खुंटीच्या बुडाशी एक छोटं दंतचक्र असतं. त्याला टेकून मळसूत्राचे आटे पाडलेला एक आडवा दांडा असतो आणि आपण बोटांनी फिरवतो ते कान या आडव्या दांड्याच्या टोकाला असतात. हे सगळं एका लहान पत्र्याच्या घरात बसवलेलं असतं. हे घर गिटारच्या डोक्याच्या मागच्या बाजूला स्क्रूनं पक्कं केलेलं असतं. खुंटी लाकडातल्या आरपार भोकातून पुढे येते. पुढच्या तोंडाशी तिला आधार द्यायला धातूची एक नळी असते, ती म्हणजे बुश.

दंतचक्राला १४ दाते असले, तर कान पूर्ण एकदा फिरवल्यावर चक्र फक्त एक दाता पुढे सरकतं. म्हणजे खुंटीचा एक फेरा व्हायला कानाचे १४ फेरे लागतात. त्यामुळे सूर बारकाईनं लावता येतो. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. कान फिरवून खुंटी फिरते, पण खुंटी ओढून कान फिरत नाही. मळसूत्राचा चढ इतका मंद असतो की घर्षण त्याला उलटं फिरू देत नाही. मोटारीखाली लावायचा मळसूत्री जॅक पाहा. हात काढला तरी गाडी खाली येत नाही. त्यामागचं कारण हेच.

मग निष्कर्ष काय निघाला? तार उतरते आहे, पण चक्र उलटं फिरत नाही. म्हणजे सैलपणा चक्रात नाही. चक्रासकट सगळी चावीच लाकडात कुठेतरी सरकते आहे.

किती सरकलं म्हणजे बिघडलं?

इथे थोडं गणित करू. तारेच्या कंपनाचा नियम मेर्सेन या फ्रेंच विद्वानानं १६३६ साली मांडला. तो अकरावी-बारावीच्या पुस्तकांत असतो. लांबी तीच असेल तर वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते.

गिटारची पहिली, सर्वात बारीक तार पोलादाची असते. हिच्या तारेचा व्यास ०.२५४ मि.मी. होता. कंप पावणारी लांबी ६४८ मि.मी. आणि सूर ३२९.६ हर्ट्झ. पोलादाची घनता घेऊन हिशेब केला तर तारेतला ताण सुमारे ७३ न्यूटन येतो, म्हणजे साडेसात किलोला थोडं कमी वजन टांगल्यासारखा. सहा तारांचा ताण मिळून पंचेचाळीस किलोंच्या वर जातो. सिमेंटचं एक पोतं जेवढं भरतं, जवळजवळ तेवढा ताण ही लाकडी मान रात्रंदिवस सोसत असते.

आता विचारायचा प्रश्न असा : एवढ्या ताणानं ही तार लांबली किती? पोलादाचा यंग गुणांक सुमारे २०० अब्ज पास्कल. तारेचा छेद लक्षात घेतला तर लांबीत वाढ होते फक्त ०.७२ टक्के. मागच्या टोकापासून खुंटीपर्यंत तारेची एकूण लांबी ८५० मि.मी. धरली, तर वाढ आली सुमारे ६ मि.मी.

हा आकडा पाहून आम्ही थबकलो. सैल पडलेली तार आणि सुरात लागलेली तार यांत फरक अवघ्या सहा मिलिमीटरचा! मग खुंटी फक्त ०.१ मि.मी. सरकली, तर? झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी साधारण एवढीच असते. सहातले ०.१ म्हणजे ताणात सुमारे १.६ टक्के घट. वारंवारता वर्गमुळात बदलते, म्हणून तिची घट साधारण निम्मी, ०.८ टक्के. ३२९.६ हर्ट्झमध्ये ही घट अडीच-पावणेतीन हर्ट्झची झाली.

तुम्ही म्हणाल, ३२९ हर्ट्झमध्ये अडीच हर्ट्झ कुणाला कळणार? एकटी तार वाजवली तर अनेकांना कळणारही नाही. पण दुसरी तार त्याच सुरात बरोबर वाजत असेल, तर सेकंदाला अडीच वेळा आवाज चढतो-उतरतो. हेच विस्पंद. ते न शिकलेल्या कानालाही "वांव वांव वांव" असे स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे कागदाच्या जाडीइतका सैलपणा कानाला कळतो. तिची तक्रार खरी होती. तिचे कान व्हर्नियर कॅलिपरइतकं बारीक मोजत होते.

मग आम्ही मोजलं

सगळ्या तारा उतरवल्या, चाव्या काढल्या आणि प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर घरी आणला. लाकडातली भोकं १० मि.मी. व्यासाची निघाली. नव्या चाव्यांबरोबर आलेल्या बुशांचा बाहेरचा व्यास ८.७ मि.मी. होता. दोष इथेच होता. लाकूड "गेलं" नव्हतंच!

कारण असं. गिटारच्या चाव्या प्रामुख्यानं दोन घाटांच्या मिळतात. १९५४ साली बाजारात आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारींवर जुन्या घाटाच्या चाव्या असत. त्यांचा बुश साधी नळी असतो आणि पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपासच्या भोकात दाबून बसवतात. नंतरच्या काळात बंद घराच्या चाव्या आल्या. त्यांचा बुश आटे असलेला, पुढून षटकोनी नटासारखा आवळायचा. त्याला १० मि.मी.चं भोक लागतं. तिच्या गिटारवर मुळात दुसऱ्या घाटाच्या चाव्या होत्या. तिनं आणलेल्या पहिल्या घाटाच्या. बाहेरून सगळं बसल्यासारखं दिसत होतं, कारण मागचे स्क्रू चावीला धरून होते. पुढचा बुश मात्र १.३ मि.मी. मोठ्या भोकात नुसता ठेवलेला होता.

इथे एक शंका येते, आम्हालाही आली. तार खुंटीला नेहमी एकाच दिशेनं ओढते. मग बुश एकदा त्या बाजूच्या भिंतीला टेकला की झालं. पुढे सरकायला जागाच कुठे आहे? शंका रास्त आहे. नुसता सैलपणा असला म्हणून सूर उतरत नाही. तो उतरतो सैल वस्तू जागा बदलते तेव्हा. लहान गोल नळी मोठ्या गोल भोकाला एकाच रेषेवर टेकते. सगळा भार त्या रेषेवर आल्यामुळे लाकूड हळूहळू दबतं. शिवाय कान फिरवताना आपण खुंटीला आडवा रेटा देतो. त्यामुळे ती भिंतीच्या गोलाईवरून बाजूला चढते आणि घर्षणानं तिथेच अडकून बसते. आपल्याला वाटतं सूर लागला. मग वाजवताना तार जोरात खेचली, डोक्याला धक्का लागला, की ती सुटते आणि खाली घसरते. टेबलाचा अर्धवट अडकलेला खण हिसका बसला की एकदम सरकतो, तसं.

स्क्रूचं काम कोणतं?

आता आमच्या चुकीकडे वळू. स्क्रू मोठा लावल्यानं काही साधणार होतं का?

तार खुंटीला ओढते तशीच फिरवूही पाहते. ताण ७३ न्यूटन, खुंटीची त्रिज्या ३.२ मि.मी. यांचा गुणाकार म्हणजे फिरवण्याचा जोर किंवा बल आघूर्ण. तो सुमारे ०.२३ न्यूटन-मीटर येतो. चक्र अडलेलं असल्यामुळे हा जोर सगळ्या घरालाच फिरवू पाहतो आणि त्याला अडवायला असतात मागचे स्क्रू. या चावीत स्क्रू खुंटीपासून १२ मि.मी. अंतरावर होता. म्हणून त्याच्यावर आडवा भार येतो जवळजवळ १९ न्यूटन, म्हणजे दोन किलो वजनाइतका. बारीक स्क्रूला एवढं सहज पेलतं. स्क्रूनं फक्त घराला फिरू द्यायचं नाही. तारेची साडेसात किलोंची ओढ मुख्यतः पुढच्या बुशानं पेलायची.

म्हणजे आम्ही काय केलं होतं? दाराची वरची बिजागरी निखळलेली, आणि आम्ही खालच्या बिजागरीचे स्क्रू आवळत बसलो होतो. वर जाड स्क्रूनं पाचरीसारखं काम केलं. लाकूड तंतूंच्या दिशेत मजबूत असतं, पण तंतू एकमेकांपासून अलग करायला फार जोर लागत नाही. सरपण फोडताना आपण याच गोष्टीचा फायदा घेतो. भोक कडेजवळ असेल तर भेग जायला वेळ लागत नाही.

अर्थात सैल स्क्रूही चालणार नाही. स्क्रूपाशी ०.२ मि.मी. मोकळीक असेल, तर घर तेवढ्यात थोडं फिरतं आणि तार ०.०५ मि.मी. सुटते. याचे विस्पंद सेकंदाला एकाहून जास्त होतात. म्हणून दोन्ही दुरुस्त्या हव्यात, पण आधी बुश, मग स्क्रू.

दुरुस्ती

आधी भेग. पातळ केलेला लाकडाचा पांढरा गोंद भेगेत झिरपू दिला, शिकंजात हलकेच दाबून रात्रभर ठेवलं.

मग बुश. १० मि.मी. बाहेरचा आणि जुन्या घाटाच्या खुंटीला बसेल असा आतला व्यास असलेले जोडबुश तयार मिळतात. ते मिळाले तर उत्तम. आम्ही मात्र संस्थेच्या वर्कशॉपमधल्या लेथवर पितळेचे सहा बुश करून घेतले. आतला व्यास ६.४ मि.मी., कारण खुंटी ६.३५ मि.मी. होती. लेथ चालवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी एक मोलाची सूचना केली. "साहेब, लाकडाचं भोक कधी गोल नसतं. सहाही भोकं वेगवेगळी मोजा." खरोखरच दोन भोकं ०.१ मि.मी. मोठी निघाली. त्यांचे बुश त्या मापानं केले. बुश अंगठ्यानं अर्ध्यापर्यंत जावा आणि उरलेला शिकंजानं सरळ दाबून बसावा, इतपतच घट्ट हवा. हातोडीनं ठोकू नये. तिरका गेला तर लाकूड पुन्हा फुटेल.

कुणी सुचवेल, बुशाभोवती कागद किंवा चिकटपट्टी गुंडाळली तर? आठवडाभर चालेल. पण सतत दाबाखाली हे पदार्थ हळूहळू दबतात, पसरतात. ०.१ मि.मी.ची जिथे किंमत आहे तिथे त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पातळ लाकडी पापुद्रा गोंदानं चिकटवला तर तो त्यापेक्षा बरा. किंवा सगळं भोक कठीण लाकडाच्या गोल काडीनं भरून पुन्हा योग्य मापाचं पाडता येतं. ते काम कसलेल्या सुताराचं.

शेवटी स्क्रूची भोकं. बांबूच्या बारीक काड्या गोंदात बुडवून भोकात घट्ट बसवल्या. एक दिवस वाळू दिल्या, वर आलेली टोकं धारदार पातीनं छाटली. मग स्क्रूच्या आट्यांच्या आतला जो गाभा असतो, तेवढ्या जाडीचं भोक नव्यानं पाडलं. मूळ मापाचेच स्क्रू घेतले, आट्यांना साबण लावला आणि हातानं बसवले. जुन्या भोकात स्क्रू परत घालायचा असेल तेव्हा आधी तो उलटा फिरवावा. हलकी "टक्" जाणवली की तो जुन्या आट्यांवर आला असं समजावं, आणि मग सुलटा फिरवावा. नाहीतर नवे आटे पडून जुने खराब होतात.

तरीही सूर उतरला

चाव्या आता दगडासारख्या पक्क्या झाल्या. तारा लावल्या, वाजवून पाहिलं. पूर्वीसारखा एकदम उतरत नव्हता, पण सूर अजूनही थोडा हलत होता. आम्ही जरा खट्टू झालो. ती मात्र म्हणाली, "काका, आता कधी उतरतो, कधी चढतोसुद्धा!"

हे निरीक्षण फार उपयोगाचं ठरलं. खुंटी सैल असेल तर सूर उतरेल, चढेल कशाला? चढतो याचा अर्थ, तार वाटेत कुठेतरी अडकते आणि मग सुटते. मानेच्या टोकाशी खाचा असलेली एक पट्टी असते, तिच्यावरून तार खुंटीकडे जाते. खाच अरुंद असेल तर तार तिथे चिमटली जाते. आम्ही पट्टी आणि खुंटी यांच्यामधला तारेचा तुकडा बोटानं दाबून सोडला. सूर बदलला आणि तसाच राहिला. घोटाळा सापडला. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं, तर ग्रॅफाइटमुळे तार सहज सरकू लागली. तिनं खुंटीवर तारेचे सात-आठ ढिले वेढे दिले होते, ते कमी करून दोन-तीन घट्ट वेढे ठेवले. आणि सूर लावताना नेहमी खालून वर यायचं, वर गेलं तर पुन्हा खाली उतरून यायचं, अशी सवय केली. त्यामुळे चक्राच्या दात्यांमधली मोकळीक नेहमी एकाच बाजूला राहते. यानंतर सूर टिकू लागला.

मिरजेची खुंटी

या सगळ्या खटाटोपात आम्हाला आपल्या तंबोऱ्याची आणि सतारीची आठवण होत होती. मिरजेची ही वाद्यं प्रसिद्ध आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांच्या खुंट्यांत ना दंतचक्र, ना स्क्रू. लाकडात लाकूड, नुसत्या घर्षणावर टिकलेलं. खुंटी घसरू लागली तर वादक तिला खडू लावतात.

पण या खुंटीची खरी हुशारी तिच्या आकारात आहे. ती एका टोकाकडे निमुळती असते. वापरून झिजली, कोरड्या हवेत आक्रसली, तरी थोडी आत रेटली की पुन्हा घट्ट बसते. गिटारचा बुश सरळ नळीसारखा; तो झिजला किंवा मापाला चुकला, तर आत रेटून उपयोग नाही. मात्र निमुळत्या खुंटीचा एक फेरा म्हणजे खुंटीभोवतीचा तारेचा पूर्ण एक वेढा. बारकाईनं सूर मिळवायला ती अवघड. म्हणूनच तारेवर मणका ओवलेला असतो आणि तो सरकवून सूर नेमका केला जातो. एकात बारकावा चक्रातून मिळतो, दुसऱ्यात मण्यातून.

वर्गात करून पाहा

शाळेत कुणाकडे तरी पोलादी तारांची गिटार असतेच. दुसऱ्या तारेचा पाचव्या पट्टीवरचा सूर आणि पहिल्या मोकळ्या तारेचा सूर एक असतो. दोन्ही एकत्र वाजवून विस्पंद नाहीसे होईपर्यंत सूर जुळवा. आता एकानं पहिल्या तारेच्या खुंटीचं डोकं अंगठ्यानं मानेच्या दिशेनं दाबावं आणि दुसऱ्यानं वाजवावं. खुंटी पक्की असेल तर फारसा फरक पडणार नाही. सैल असेल तर विस्पंद सुरू होतील. ते मोजा आणि वरच्या हिशेबावरून खुंटी किती सरकली ते काढा. मुलांना हे मापन फार आवडतं. शाळेतल्या कॅलिपरला न दिसणारं अंतर ती कानांनी मोजतात.

आणखी एक प्रश्न मुलांपुढे ठेवा. प्रयोगशाळेतल्या सोनोमीटरमध्ये तारेचं एक टोक खुंटीला बांधलेलं असतं, तार पुलांवरून आणि कप्पीवरून जाते आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगलेलं असतं. त्याची खुंटी एक मिलिमीटर सरकली, तर सूर किती उतरेल? गिटारचं गणित तसंच लावून घाईनं उत्तर देणारे बरेच निघतील. ताण कोण ठरवतं, एवढंच त्यांना विचारा.

स्नेहसंमेलनात गिटार वाजली. पडदा उघडण्यापूर्वी तिनं एकदाच सूर लावला. आम्ही शेवटच्या रांगेत बसून विस्पंद ऐकू येतात का, ते पाहत होतो. आले नाहीत. भेग मात्र अजून आहे. गोंदाची बारीक रेघ जवळून पाहिली की दिसते. ती तशीच राहू द्या असं आम्हीच सांगितलं. मोजण्याआधी आवळायला गेलो होतो, त्याची ती खूण आहे.